तुमच्या जगातलं माझं घर

एप्रिल २०१९पर्यंत माइनक्राफ्टमध्ये घर म्हणजे दार होतं.

हे वाक्य शब्दशः घ्या. या गेममध्ये खेडी असतात आणि त्यांत लांब नाकाचे गावकरी राहतात. खेडं केवढं आहे, हे गेमला कसं कळणार? भिंती, छप्पर, खिडक्या ओळखणं कॉम्प्युटरला अवघड. म्हणून गेम दारं मोजायचा. दाराच्या एका बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त छप्पर असलं, की झालं घर. गावात किमान १० गावकरी आणि २१ दारं झाली, की गावाच्या राखणीसाठी एक लोखंडी राक्षस, म्हणजे आयर्न गोलम, आपोआप जन्माला यायचा.

माणसं हुशार असतात. त्यांनी आकाशात मनोरे उभारले. कडेने नुसती दारं, दारांमागे गेमला घर वाटावं एवढंच छप्पर आणि मधल्या खोपट्यात कोंबलेले गावकरी. गोलम जन्मायचा, पाण्याच्या लोंढ्याबरोबर ढकलला जायचा, लाव्हात पडायचा आणि खालच्या पेटीत लोखंड जमत राहायचं. याला आयर्न फार्म म्हणतात. एक चांगला फार्म बांधायला कित्येक संध्याकाळी जायच्या. पण एकदा बांधला की खाणीत उतरायची गरज संपायची.

२३ एप्रिल २०१९ला १.१४ ही आवृत्ती आली. तिचं नाव ‘व्हिलेज अँड पिलेज’. खेड्यांचं सगळं गणित नव्याने लिहिलं गेलं. आता घर म्हणजे दार नव्हे, घर म्हणजे बेड. विचार केला तर हे जास्त शहाणपणाचं आहे. माणूस रात्री जिथे पाठ टेकतो ते त्याचं घर, हे कुणीही मान्य करेल. पण त्या दिवसानंतर ज्यांनी ज्यांनी आपलं जग नव्या आवृत्तीत उघडलं, त्यांचे दारांचे मनोरे मुके झाले. कुणी एक दारही काढलं नव्हतं. सगळे ब्लॉक जिथल्या तिथे होते. फक्त त्या दारांचा अर्थ गेला होता.

मला हा प्रश्न गेमपुरता वाटत नाही. एखादं जग कुणीतरी बनवलं, त्यात लोक राहायला आले, त्यांनी तिथे घाम गाळला. त्यानंतर बनवणाऱ्याला नियम बदलायचा अधिकार किती उरतो? आणि बदलले, तर तो राहणाऱ्यांचं काही देणं लागतो का?

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा गेम आहे. तुम्ही खणता, ठोकळे गोळा करता, बांधता. जिंकायलाच हवं असं काही नाही. मार्कुस पेर्सोन या स्वीडिश प्रोग्रॅमरने २००९मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला, २०११च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण आवृत्ती १.० आली आणि २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोयांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२३पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. गेम एकदा विकत घेतला की पुढचे मुख्य अपडेट फुकट मिळतात.

आणि हा ‘फुकट’ शब्दच पहिलं उत्तर म्हणून तोंडावर फेकला जातो. फुकटात नवं मिळतंय, मग तक्रार कसली? गेम त्यांचा, सर्व्हर त्यांचे, मर्जी त्यांची. लायसन्सच्या करारात तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलंय ना?

दाबलंय. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे संपतही असेल. पण ज्या गोष्टी कायद्याने संपतात त्या सगळ्या नीतीने संपत नाहीत. भाडेकरूला महिन्याची नोटीस देऊन बाहेर काढणं करारात बसतं, म्हणून दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ती नोटीस लावणारा मालक चांगला ठरत नाही.

माइनक्राफ्टमध्ये तर भाड्याच्या खोलीपेक्षा जास्त काही घडतं. सिनेमा बघणारा माणूस सिनेमात काही भर घालत नाही. इथे मात्र कंपनी देते ती फक्त माती, दगड आणि नियम. घर, शेत, रेल्वे, मनोरा हे सगळं खेळणाऱ्याचं. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात म्हटलं होतं, की माणूस निसर्गातल्या वस्तूत आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. आपल्याकडे याहून जवळची घोषणा आहे : कसेल त्याची जमीन. या घोषणेकडे मला पुन्हा यायचंय, कारण ती दिसते तेवढी सरळ नाही.

आधी, त्या दिवशी नेमकं काय हरवलं ते बघू.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यात ग्राहकांच्या नावांची यादी असते. मध्यंतरी ती यादी मराठी वर्णक्रमाने नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. नीट लावायची म्हणजे नावाआधीची टिंबं, रेघा, मोकळ्या जागा गेल्या खड्ड्यात, अक्षर बघायचं. चाचणीसाठी एका हार्डवेअरच्या दुकानाने त्यांच्या यादीची प्रत दिली होती. त्यात चाळीसेक नावांआधी टिंब होतं. आम्हाला वाटलं, टायपिंगचा कचरा असेल. तरी विचारून घेऊ म्हणून दुकानात फोन केला. हिशेब बघणारे काका म्हणाले, “अहो सर, ते टिंब म्हणजे उधारी. टिंब दिलं की नाव वर येतं. दोन टिंबं म्हणजे जुनी उधारी.”

आम्ही त्यांना टिंबाची सोय कधी दिलीच नव्हती. मॅन्युअलमध्ये नाही, डेमोमध्ये नाही. आमच्या यादीच्या एका सवयीवर त्यांनी स्वतःची वहीच उभी केली होती आणि ती वही चोख चालत होती. आमच्या नव्या, शुद्ध, बरोबर वर्णक्रमाने ती एका रात्रीत विस्कटली असती. शेवटी आम्ही जुन्या ग्राहकांसाठी जुना क्रम तसाच ठेवला, शिवाय उधारीसाठी वेगळा रकाना दिला. काकांनी रकाना बघितला, ‘छान आहे’ म्हणाले आणि टिंबंच देत राहिले.

आमच्या धंद्यात याला हायरम्स लॉ म्हणतात. गूगलमधल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावावरून. त्याचा मतलब असा : वापरणारे पुरेसे झाले, की तुम्ही काय कबूल केलं होतं याला फारसं महत्त्व राहत नाही. तुमच्या सिस्टिमचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं.

माइनक्राफ्टच्या पिस्टनचंच उदाहरण घ्या. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत पिस्टनला शेजारून वीज मिळाली की तो चालतोच, पण त्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेला वीज मिळाली तरी तो चालतो. हे विचित्र आहे. दार दोन ठोकळे उंच असतं, म्हणून दाराला वरच्या ठोकळ्यातूनही वीज मिळायला हवी. तेच वागणं एक ठोकळा उंचीच्या पिस्टनमध्ये उतरलं. उघड चूक. पण खेळणाऱ्यांनी त्या चुकीवर गुप्त दरवाजे, यंत्रं, अख्खी शेतं उभी केली. तिला क्वासी-कनेक्टिव्हिटी असं भारदस्त नाव मिळालं. आज ती चूक काढली तर जगभरातली असंख्य यंत्रं एका झटक्यात बंद पडतील. म्हणून ती राहिली. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत ती कधी नव्हतीच, त्यामुळे तिथे कुणाला तिची उणीवही नाही.

चूक कधी नियम होते? कुणीतरी तिच्यावर भिंत बांधतं तेव्हा. मला वाटतं, १.१४च्या दिवशी हरवलं ते हेच. बांधलेली वस्तू म्हणजे निव्वळ ठोकळे नसतात. ठोकळे आणि त्यांना चालवणारा नियम मिळून ती वस्तू होते. ठोकळे जागेवर ठेवून नियम काढून घेतला, तर ‘तुमचं काहीच घेतलं नाही’ हे वाक्य खरं असूनही पुरेसं नसतं.

मग नियम कधीच बदलू नयेत का? इथे मला लॉन फुलर या अमेरिकन कायदेतज्ज्ञाची आठवण होते. त्याच्या १९६४च्या ‘द मोरॅलिटी ऑफ लॉ’ या पुस्तकात रेक्स नावाच्या एका काल्पनिक राजाची गोष्ट आहे. रेक्सला चांगले कायदे करायचे असतात, आणि तो आठ वेगवेगळ्या प्रकारे फसतो. कधी कायदा करतो पण लोकांना सांगत नाही. कधी असा करतो की कुणालाच कळत नाही. कधी पाळणं अशक्य असतं. कधी आजचा कायदा कालच्या वागण्याला लावतो. कधी इतक्या झपाट्याने बदलतो की लोकांना त्याच्या भरवशावर काही करताच येत नाही. फुलरचं म्हणणं असं, की हे नुसते कारभारातले घोटाळे नव्हेत. नियम करणारा आणि पाळणारा यांच्यात एक न बोललेली देवाणघेवाण असते. तू नियम पाळ, मी तो नियम धरून चालेन. ती तुटली की राजाचं राजेपणच डळमळतं.

या फूटपट्टीने मोयांग बऱ्यापैकी पास होते. प्रत्येक मोठ्या बदलाआधी ते चाचणी आवृत्त्या काढतात, ज्यांना स्नॅपशॉट म्हणतात. कुणीही त्या खेळून बघू शकतं, ओरडू शकतं. काय बदललं याची तपशीलवार यादी दर वेळी येते. खेड्यांचा बदलही आधी अशाच आवृत्त्यांमध्ये दिसला होता. न सांगता केलेला कायदा, हा आरोप त्यांच्यावर करता येत नाही.

आजचा नियम कालच्या बांधकामाला लावायचा नाही, याबाबतीत तर या गेमने फार सुंदर तोडगा काढलाय. माइनक्राफ्टचं जग आधी तयार नसतं. तुम्ही चालत पुढे जाता तसतसे १६ बाय १६ ठोकळ्यांचे तुकडे बनत जातात आणि फाइलमध्ये साठतात. डोंगर-नद्या बनवायचा नियम अपडेटमध्ये बदलला, तरी तुम्ही पाहिलेली जमीन बदलत नाही. नवा नियम फक्त न पाहिलेल्या जमिनीला लागतो. तुमचं घर, तुमची टेकडी, घरामागची नदी तशीच. नवे डोंगर बघायचे तर अजून पुढे चाला.

याचा एक गमतीचा परिणाम व्हायचा. २०१३च्या १.७ आवृत्तीत जमीन बनवायची पद्धत खूप बदलली. तेव्हा जुन्या जगांत, जुनी आणि नवी जमीन जिथे भेटायची तिथे सुरीने कापल्यासारखे सरळ कडे तयार झाले. समुद्र मध्येच संपून समोर जंगलाची उभी भिंत. लोक त्यांना कुरूप म्हणायचे. मला ते आवडायचे. त्या कड्यावर उभं राहिलं की कळायचं, इथपर्यंत मी अमुक साली आलो होतो. जगात आपला इतिहास दिसायचा.

३० नोव्हेंबर २०२१ला आलेल्या १.१८मध्ये हे कडे बुजवायची सोय झाली. त्या अपडेटमध्ये जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ झाली : ६४ वर, ६४ खाली. आता सीमेवर जुनी आणि नवी जमीन एकमेकींत हळूहळू मिसळते. आणि जुन्या घरांचं काय केलं, तर त्यांच्या खाली, जिथे पूर्वी कधीच न फुटणारा तळाचा खडक होता, तिथे खोल नवा थर घातला. वरचं घर हललं नाही. पायाखाली मात्र आणखी ६४ ठोकळे खोल जग आलं. बदल करावा तर असा, असं मला वाटतं. मिळालं ते सगळं, गेलं काहीच नाही.

पण प्रत्येक बदल असा गोड करता येत नाही. काही वेळा बदललंच पाहिजे, कुणाचं तरी नुकसान झालं तरी.

२०१७मध्ये १.१२ आवृत्तीत पोपट आले. आधीच्या चाचणी आवृत्तीत पोपटाला बिस्किट खाऊ घातलं की तो माणसाळायचा. बिस्किटात चॉकलेट. खऱ्या पोपटाला चॉकलेट विषारी असतं. हा गेम लहान मुलं खेळतात आणि काहींच्या घरी खरा पोपट असतो. खेळाडूंनी हे लक्षात आणून दिलं. अंतिम आवृत्तीत पोपट बियांनी माणसाळायला लागला आणि बिस्किट दिलं तर मरायला लागला. इथे कुणाचा हक्क-बिक्क काढायची गरजच नाही. गेमबाहेरच्या जिवाचा प्रश्न होता.

अवघड प्रकरण गावकऱ्यांच्या व्यापाराचं आहे. तेवढं समजून घ्या, कारण माझा सगळा गोंधळ तिथे आहे.

गेममध्ये ‘मेंडिंग’ नावाची एक जादू आहे. ती लावलेलं हत्यार खेळता खेळता आपोआप दुरुस्त होतं, म्हणजे जवळपास अमर. ती मिळवायची सोपी युक्ती अशी : एका गावकऱ्याला एका ठोकळ्याच्या कोठडीत कोंडायचं, समोर पुस्तकांचा मेज ठेवायचा, तो ग्रंथपाल होतो. तो काय विकतोय ते बघायचं. मेंडिंगचं पुस्तक नसेल तर मेज फोडून पुन्हा ठेवायचा. मिळेपर्यंत हेच. अशा कोठड्यांच्या रांगाच्या रांगा लोक बांधतात आणि त्याला ‘ट्रेडिंग हॉल’ म्हणतात. २०२३पर्यंत आणखी एक युक्ती होती. गावकऱ्याला मुद्दाम झॉम्बी करायचं, मग बरं करायचं. तो कृतज्ञतेने भाव उतरवायचा. पुन्हा झॉम्बी करायचं, पुन्हा बरं करायचं, भाव आणखी खाली. बाजारभाव पाडायची याहून निर्लज्ज पद्धत मला माहीत नाही.

२०२३च्या ऑगस्टमध्ये मोयांगने दोन गोष्टी मांडल्या. एक, बरं केल्याची मोठी सूट एकदाच मिळेल. दुसरी, ग्रंथपाल कुठल्या प्रदेशातला आहे त्यावर त्याची पुस्तकं ठरतील. मेंडिंग हवं तर दलदलीतला गावकरी हवा. दलदलीत मुळात खेडंच नसतं, म्हणजे गावकरी तिथे नेऊन वसवायचे. हेतू असा, की लोकांनी घराशेजारी कोठड्या बांधून बसण्याऐवजी जग हिंडावं. यावर प्रचंड आरडाओरडा झाला. पहिला बदल पक्का झाला. दुसरा मात्र कंपनीने सगळ्यांवर लादला नाही. जग तयार करताना ज्याला हवा त्याने चालू करावा, असा प्रयोग म्हणून ठेवला.

आता समजा, हा दुसरा नियम चालू असलेल्या एखाद्या जगात लागू झाला. आपण ‘जुन्या बांधकामाला हात लावायचा नाही’ हे तत्त्व काटेकोर पाळलं. म्हणजे ज्या ग्रंथपालाशी आधीच व्यवहार झालाय, त्याची पुस्तकं तशीच. मग काय होईल? जे आधी आले त्यांच्याकडे घराशेजारी स्वस्त मेंडिंग कायमचं. आज जो नवा खेळाडू येईल, त्याने दलदल तुडवायची. तत्त्व पाळून आपण एक सरंजामदार वर्ग तयार केला.

उलट, जुन्यांचीही पुस्तकं रद्द केली तर त्यांचे श्रम मातीत.

इथे मला ‘कसेल त्याची जमीन’कडे परत यायचंय. आपल्याकडचा १९४८चा कूळकायदा आणि त्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७चा कृषकदिन. त्या दिवसापासून कसणारी कुळं कायद्याच्या अटींनुसार जमिनीची मालक मानली गेली. जमीनमालकांच्या बाजूने बघितलं तर हा चालू खेळात नियम बदलणं होतं. त्यांच्यातल्या कित्येकांनी जुन्या नियमाप्रमाणे, रोख पैसे मोजून जमिनी घेतल्या असतील. त्यांचा अपेक्षाभंग खरा होता. आणि तरीही हा कायदा अन्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. कारण जुन्या नियमाखाली घाम एकाचा आणि पीक दुसऱ्याचं होतं.

शेतजमीन आणि ठोकळ्यांचा गेम यांची मी बरोबरी करत नाहीये. गावकरी म्हणजे काही ओळींचा कोड, त्याला दुःख होत नाही. पण या उदाहरणाने मला एक भेद दिसला. ‘मी जुन्या नियमावर विसंबून होतो’ एवढं म्हणून भागत नाही. विसंबून काय केलं हेही बघायला लागतं. दारांचा मनोरा बांधणाऱ्याने स्वतःचे तास घातले, कुणाचा हक्क मारला नाही. त्याचं देणं मोठं आहे. आधी आल्यामुळे मिळालेली आणि नंतर येणाऱ्याला बंद झालेली सवलत मात्र बांधकाम नव्हे. ती रांगेतली जागा आहे. रांगेतली जागा कायमची कुणाची नसते.

गेम जितका जुना होतो, तितका हा भेद महत्त्वाचा होतो. जुने खेळाडू संख्येने थोडे पण आवाजाने मोठे असतात. उद्या पहिल्यांदा गेम उघडणारी आठ वर्षांची मुलगी कुठल्याच चर्चेत नसते. तिच्या बाजूने बोलायची जबाबदारी बनवणाऱ्यावरच येऊन पडते. जग फक्त आधी आलेल्यांच्या सवयींसाठी गोठवलं, तर ते हळूहळू त्यांचं क्लबहाऊस होतं.

मग बदल तर करायचा आहे आणि त्याने काही जणांचं बांधकाम मोडणारही आहे. अशा वेळी काय करावं? याचं एक उत्तर माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत आहे. तिथे गेम सुरू करताना जुन्या आवृत्त्यांची यादी मिळते. २०११ची आवृत्ती आजही निवडता येते. दारांचा मनोरा प्यारा असेल तर तुमचं जग १.१३मध्येच ठेवा, कुणी अडवणार नाही. नव्या आवृत्तीत उघडायला गेलात तर आधी प्रत काढून ठेवा, असं गेमच सुचवतो.

या दाराचं मोल ज्याला कळलं असा एक माणूस आहे, कर्ट मॅक नावाचा अमेरिकन खेळाडू. जुन्या आवृत्त्यांमध्ये जगाच्या मध्यापासून सुमारे १ कोटी २५ लाख ठोकळ्यांवर ‘फार लँड्स’ नावाचा प्रदेश होता. तिथे पोहोचल्यावर जमीन बनवणाऱ्या गणितातला आकडा ३२ बिटांत मावेनासा व्हायचा आणि डोंगरांऐवजी आभाळापर्यंत चिरफाळलेल्या भिंती उभ्या राहायच्या. मार्च २०११मध्ये कर्टने तिकडे पायी चालायला सुरुवात केली. गेममधल्या चालीने न थांबता चाललं तरी ८०० तास लागावेत एवढं ते अंतर. सप्टेंबर २०११मध्ये बीटा १.८ आली आणि तिच्यात फार लँड्स काढून टाकण्यात आले. म्हणजे तो चालत असताना त्याचं गंतव्यच पुसलं गेलं. कर्टने अपडेट केलं नाही. बीटा १.७.३मध्येच तो वर्षानुवर्षं चालत राहिला आणि त्या चालण्यातून मुलांच्या हॉस्पिटलांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा करत राहिला. जुनं दार उघडं नसतं तर हे सगळं सहा महिन्यांत संपलं असतं.

तुमच्यापैकी बहुतेक जण हे मोबाइलवर वाचताय. तुमच्यासाठी हे दार नाही. माझा मावसभाऊ नववीत आहे, मोबाइलवर खेळतो. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी उचलला तर गेमची नवी आवृत्ती आलेली आणि त्याने घातलेला एक ॲड-ऑन चालेना. मला म्हणाला, “दादा, मी तर काहीच दाबलं नाही.” त्याची तक्रार बदलाबद्दल नव्हती. नवे प्राणी त्याला आवडलेही. त्याला कुणी विचारलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ऑटो-अपडेट बंद करून काही दिवस ढकलता येतात. पण मित्रांबरोबर खेळायचं म्हटलं की आवृत्ती जुळवावीच लागते.

आणि खरं सांगायचं तर, दार उघडं असणं हेही पुरेसं नाही. जुन्या आवृत्तीत राहायची मुभा म्हणजे बऱ्याचदा एकटं राहायची मुभा. मित्र पुढे गेलेले, यूट्यूबवरचे व्हिडिओ पुढचे, तुम्ही मागे. गाव उठून गेल्यावर आपल्या घरात राहायला कुणी अडवत नाही, तसं.

म्हणून मी माझ्यापुरतं उत्तर असं लावतो. जग बनवणाऱ्याला नियम बदलायचा अधिकार आहे, आणि नंतर येणाऱ्यांसाठी ते त्याचं कर्तव्यही आहे. पण लोक बांधायला लागले त्या दिवशी तो अधिकार कर्जासारखा होतो. वापरला की फेडायचा. फेड म्हणजे जुना नियम कायम ठेवणं नव्हे. आधी सांगणं, जमेल तिथे नवं नव्या जमिनीवर करणं, परत जायची वाट उघडी ठेवणं, आणि जे मोडलं ते नव्या नियमात पुन्हा उभं करता येईल एवढी जागा ठेवणं. १.१४नंतर आयर्न फार्म संपले नाहीत. लोकांनी बेडचा नियम समजून घेतला आणि नवे फार्म बांधले, पूर्वीपेक्षा लहान आणि सोपे. कौशल्य वाया गेलं नाही, मनोरा गेला. हा सौदा मला जमण्यासारखा वाटतो.

शेवटची फेड सगळ्यात स्वस्त आहे आणि तीच सहसा राहून जाते. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या अपडेटसोबत बदलांची यादी येते. तिचे मथळे ठरलेले : नवीन, बदललेलं, दुरुस्त केलेलं. ‘दुरुस्त केलेलं’ या मथळ्याखालच्या प्रत्येक ओळीत कुणाचं तरी टिंब असू शकतं. त्या यादीत आणखी एक मथळा हवा, असं मला हल्ली वाटतं : ज्याला आम्ही चूक म्हणत होतो, त्यावर तुम्ही काय बांधलं होतं. तो भरायचा तर लोकांना फोन करावा लागेल. काका टिंबाचं सांगायला तयारच होते, आधी कुणी विचारलं नव्हतं.